गणपतीतली ड्युटी

९ ऑगस्ट

लिही. बोलणार मी, राधाबाई. लिहिणार माझी नात संघमित्रा, घरातली मित्रा. तारीखही तीच टाकेल, मला नुसते वार समजतात. मी 'व्हतं' म्हणते आणि ही 'होतं' लिहिते, हे मला ठाऊक आहे. लिहू दे. माझं बोलणं निदान एकदा तरी इस्त्री होऊन निघेल.

घसा वर्षभर बसलेला होता. आम्ही हळद-दूध पीत राहिलो. शेवटी डॉक्टरीणबाईंनी नळी घालून आत बघितलं आणि माझ्या मुलाला, मित्राच्या बापाला, अजितला बाहेर नेऊन सांगितलं. अजित परत आला तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत. मीच म्हणाले, "कॅन्सर आहे ना? म्हण की. गाठ माझ्या घशात आहे, शब्द तुझ्या का अडकलाय?"

बाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक, आवाजाची पेटी कापून काढायची. जीव वाचतो, आवाज जातो. दुसरी, रोज मशीनखाली लाईट घ्यायची, म्हणजे रेडिएशन, सहा-सात आठवडे. आवाज राहायची आशा असते. "पण खंड पडता कामा नये आजी. ही गाठ आपल्यासाठी थांबत नाही."

वरळीच्या आमच्या खोलीत भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि पोरांच्या डिग्र्या. त्या सगळ्यांच्या खाली मी एकटी अंगठेबहाद्दर. मालकांनी, बुधाजीनं, लग्नानंतर पाटी आणली होती. तिच्यावर आमच्या अजितनं दात काढले. आता आवाज गेला तर माझ्याकडे उरेल काय, भुवया? मी दुसरी वाट धरली.

मित्रा परळच्या त्याच हॉस्पिटलात कॉम्प्युटर सांभाळते. म्हणाली, "आजी, आवाज आहे तोवर रोज थोडं बोल, मी उतरवून घेते."

आहे तोवर! बघा, नात कसा धीर देते.

१४ ऑगस्ट

लाईट सुरू झाली. दुखत काही नाही. तोंडावर जाळीचा मुखवटा घट्ट दाबतात आणि तो टेबलाला स्क्रूनं बसवतात, डोकं हलू नये म्हणून. तिकडे लालबागमध्ये गणपतीला तोंडं बसवतायत, इकडे मला.

बाहेर बाकावर एक दत्ताराम म्हणून आहेत. लालबागचे, मूळ मालवणकडचे, मिलमध्ये होते. त्यांच्या जबड्यात आहे. आपली पाळी आली की उठताना म्हणतात, "चला वैनी, माका भाजूक बोलावल्यानी." मी म्हटलं, "भाऊ, सांभाळून. तुमच्याकडे मासळी नीट भाजली नाही की पुन्हा तव्यावर टाकतात." हसताना त्यांनी जबडा हातानं धरला.

२४ ऑगस्ट

मित्राचा वरचा माणूस सुशांत. गुहागरचा पोरगा, चांगला आहे. तो आज गणपतीला गावी गेला. त्यांच्या खात्यातले आणखीही गेले. उरली कोण? आमची.

"दर वर्षी तूच का गं?" मी विचारलं.

"अगं, आपल्याकडे गणपती नसतो ना. सगळे म्हणतात, मित्रा आहे की."

"मग चौदा एप्रिलला ते सगळे थांबतात का?"

ही हसली फक्त. थांबत नाहीत, असं समजा.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. आज परळ-लालबागमध्ये मुंगी शिरत नाही, म्हणून मशीन बंद. आणि बंद आहेच तर तेवढ्यात त्याचं सॉफ्टवेअर नवीन करून घ्या, असं मोठ्या साहेबांनी ठरवलं. अपग्रेड म्हणतात. घातलं मित्रानं, एकटीनं.

मशीन नुसतं उजेड फेकतं. कुणाला किती, कुठे, कुठल्या बाजूनं, हा हिशोब कॉम्प्युटर करतो. त्या हिशोबाचे तुकडे असतात, मॉड्यूल. मोठा प्रोग्राम उठला की एकेक मॉड्यूल आत ओढून घेतो. एवढं मला समजलं. ह्यापुढे मी मान हलवत होते.

एक अडचण आली होती. हे काम सुशांतच्या लॉगिननं करायचं असतं. सुशांतच्या गावात फोनला रेंज नाही, मागच्या डोंगरावर चढावं लागतं, आणि गणपती बसायच्या दिवशी डोंगरावर कोण चढतंय? साहेब फोनवर म्हणाले, "तुझ्याच लॉगिननं कर, मागाहून बघू." हिनं तिच्या नावानं केलं. चालवून बघितलं. चाललं.

फार खूश आहे. येताना माझ्यासाठी शहाळं घेऊन आली.

२८ ऑगस्ट

चाललं नाही.

सकाळी टेबलावर झोपवलं, मुखवटा स्क्रूनं आवळला आणि मी आपली पडून. काचेपलीकडे माणसं येतायत, जातायत. मग एकीनं येऊन मुखवटा काढला. "आजी, आज नाही होणार." बाहेर दत्ताराम म्हणाले, "काय वैनी, कच्चेच परत?"

प्रोग्राम म्हणतो, मॉड्यूल सापडत नाही. मित्राला खाली बोलावलं. तिनं तिच्या जागेवरून उघडून दाखवलं, सगळं जिथल्या तिथे. मशीनच्या खोलीत गेलं की नाही.

"मग त्यांना दिसत कसं नाही?"

"तेच तर कळत नाहीये आजी."

३० ऑगस्ट

आजही नाही. कंपनीचा माणूस बंगळुरातून फोनवर सांगतो, काढा आणि पुन्हा घाला. हिनं काढलं, पुन्हा घातलं. हिच्याकडे चाललं. खाली नाही.

मी म्हटलं, जुनंच परत टाक. तर म्हणे सगळ्या पेशंटचे हिशोब नव्यात गेलेत, नव्यातलं जुन्यात येत नाही. दुसऱ्या हॉस्पिटलात? अजित जाऊन आला. तिथे मुखवट्यापासून पुन्हा सगळं करावं लागेल, आणि रांग दिवाळीपर्यंतची.

मशीनवरची एक बाई मित्राला तोंडावर म्हणाली, "तू घातलंयस तरी का नक्की? का घरी बसून सांगतेस चाललं चाललं?" मित्रानं हे मला सांगितलं नाही. दत्तारामांनी सांगितलं. तेही रोज येऊन बसतात, सुनेनं दिलेला डबा तसाच घेऊन जातात. गिळता येत नाही त्यांना आता.

१ सप्टेंबर

आज पुन्हा परत. डॉक्टरीणबाई भिंतीकडे तोंड करून फोनवर कुणाला तरी इंग्रजीत झापत होत्या. इंग्रजी येत नसलं तरी झापणं कळतं.

अजितला कुणीतरी म्हणालं, आपल्याच स्टाफमधल्या कुणाची तरी चूक असणार. चूक! बाकावर माणसं बसलीत तोंडं धरून. मग मित्रा, हे लिही. ज्या कुणाच्या हातानं हे झालं त्याचे हात झडोत. त्याच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा घसा बंद होवो, म्हणजे कळेल. रांडेच्याला पगार कशाचा देतात? लिहिलंस?

लिहिते म्हणाली. मग पाणी प्यायला उठली ती बराच वेळ मोरीत. मी म्हटलं, "एवढं पाणी कुठे जातंय तुझ्या पोटात?"

४ सप्टेंबर

सुशांत आला. गौरी-गणपतीचं विसर्जन करून रात्रीच्या गाडीनं उतरला, थेट हॉस्पिटल गाठलं आणि तिथून संध्याकाळी मित्राबरोबर आमच्याकडे. हातात मोदकांचा डबा. आम्ही प्रसाद घेत नाही हे त्याला माहीत आहे. म्हणाला, "आजी, खाऊ आहे." मी म्हटलं, "खाऊ आहे तर ठेव. गिळता आला असता तर प्रसाद म्हणूनही खाल्ला असता, कुणाला सांगू नकोस."

मग त्यानं बैठक मारून समजावलं. माझ्या शब्दांत सांगते, चुकलं तर मित्रा दुरुस्त करेल.

कॉम्प्युटरात फोल्डर असतात, म्हणजे खोल्या. प्रत्येक खोली कुणाच्या तरी नावावर, आणि आत कुणाला सोडायचं ह्याची परवानगी ठरलेली. नवीन मॉड्यूलची खोली तयार झाली ती मित्राच्या नावावर, आणि मित्रा सोडून इतरांना बंद. मित्रा जाऊन बघायची तेव्हा तिला दार लागायचंच नाही, खोली तिचीच. मशीनचा प्रोग्राम वेगळ्या नावानं जातो. तो दारावरच अडकायचा.

"मग दार बंद आहे म्हणून ओरडायचं ना त्यानं!"

"तेच तर आजी. तो म्हणायचा, आत काही नाहीच."

"म्हणजे खोटारडा."

"आणि पुन्हा घातलं तेही मित्राच्याच नावानं. म्हणून पुन्हा तेच."

"तू कसं उघडलंस?"

सुशांत मोदकांच्या डब्याकडे बघत बोलला. "एक ओळ टाइप केली."

एक ओळ.

पण अजूनही लाईट नाही. असा गोंधळ झाल्यावर मशीनची तपासणी करावी लागते, पाण्याच्या टाकीवर लाईट मारून मोजायची, सह्या व्हायच्या. त्यात मध्ये अनंत चतुर्दशी. पुन्हा मुंगी शिरणार नाही.

तो गेल्यावर मित्राला विचारलं, "सोमवारी मी बोलले ते लिहिलंस?"

"लिहिलं."

"शिवीसकट?"

"शिवीसकट."

"तुला तेव्हा माहीत होतं?"

"वाटत होतं, आजी. नक्की नव्हतं."

तिनं खाली मान घातली. मी काही बोलले नाही. बोलले नाही हेही लिही.

७ सप्टेंबर

आज लिहायला अजितला बसवलंय. मित्रा कामावर आहे आणि हे तिच्या हातानं लिहून घ्यायचं नाही.

मला तिचा राग आला आहे. बाहेरचा असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. हिला शिवी दिली ती परत माझ्याच घरात येऊन बसली. सकाळी ती माझ्यासाठी पातळ खिमट करते, गाळून देते, आणि मी तोंड फिरवते. मला खिमटाचा वास येत नाही, हिचाच येतो. पोरीला तीन लोकांचं काम दिलं, साहेब म्हणाला मागाहून बघू, हे सगळं मला कळतं. तरी येतो राग. घसा माझा आहे.

"आई, हे नको लिहूया."

"लिही मेल्या. तुला शिकवला कशाला मग?"

"तिनं वाचलं तर?"

"वाचू दे. तिला येतं ना वाचता."

अजितनं पेन खाली ठेवलं होतं. ओरडायला गेले तर आवाजच फुटला नाही, नुसती हवा आली. त्यानंच घाबरून पुन्हा उचललं.

९ सप्टेंबर

लाईट सुरू झाली. लिहायला मित्रा. तिनं अजितचं पान वाचलंय, तिच्या तोंडावरून कळतं. तिनं केलेलं खिमट प्यायले.

दत्ताराम आले नव्हते. वाटलं, गणपतीचा शिणवटा असेल.

१६ सप्टेंबर

त्यांची सून भेटली. ते आता येणार नाहीत. गावी नेतायत, घराच्या पडवीत झोपायचं आहे म्हणाले. सुनेला विचारलं, "खंड पडला म्हणून का गं?" ती म्हणाली, "काकी, तेंनीच सोडल्यानी. म्हणाले, रोज जायचा आणि परत येवचा, माका आता जमाचा नाय."

मित्रा माझ्यामागेच उभी होती.

२५ सप्टेंबर

मित्रानं साहेबांना लेखी दिलं, चूक माझी. सुशांतनं सांगितलं होतं, 'तांत्रिक बिघाड' म्हण, सगळे तसंच म्हणतात. ऐकलं नाही. आता राजीनामा द्यायचं म्हणते.

"दे की," मी म्हटलं. "मग पुढच्या गणपतीत ड्युटी कोण करणार? बिचाऱ्या साहेबाला डोंगरावर चढावं लागेल."

महिन्याभरात पहिल्यांदा दातांनी ओठ दाबून हसली. त्याच ओठांनी मग रडली. मी रडू दिलं. मला बोलायला त्रास होतो, हे सोयीचं कारण होतं.

८ ऑक्टोबर

लाईट संपली. राहिलेले दिवस जोडून पुरी केली. मानेची कातडी तव्यावरच्या भाकरीसारखी. मुखवटा घरी घेऊन जा म्हणाले. मी म्हटलं, ठेवा तुम्हालाच, खंडेनवमी गेली, नाहीतर पूजा केली असती तुम्ही.

आता थांबायचं. आत काय राहिलं, काय गेलं, ते दिवाळीनंतर बघणार. आवाज कुजबुजीएवढा आहे. मित्रा कान माझ्या तोंडाशी आणून लिहिते. तिच्या केसात पहिला पांढरा दिसला. सांगितला नाही.

२१ नोव्हेंबर

पुन्हा नळी घातली. गाठ आहे.

डॉक्टरीणबाईंनी ह्यावेळी अजितला बाहेर नेलं नाही, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. पेटी काढावी लागेल. गळ्याला भोक राहील, श्वास तिथून. बोलणं नाही. पुढे कधी यंत्र वगैरे बसवतात, सगळ्यांना जमत नाही, माझ्या वयात भरवसा नको.

मित्रानं विचारलं, "मध्ये खंड पडला त्यामुळे?"

बाई म्हणाल्या, "सांगता येत नाही. कदाचित त्यामुळे. कदाचित तसंही झालं असतं."

येताना टॅक्सी केली. वरळी नाक्यावर मी म्हटलं, "हो म्हणाल्या असत्या तरी बरं होतं, नाही म्हणाल्या असत्या तरी बरं होतं." टॅक्सीवाला म्हणाला, "क्या बोली माताजी?" इतकी हळू निघाली माझी तक्रार की पुढच्या सीटपर्यंत पोहोचली नाही.

२७ नोव्हेंबर

ऑपरेशन करूच नये, असं मनात येतं. दत्तारामांसारखं पडवीत झोपावं. आमच्याकडे पडवी नाही, कॉमन गॅलरी आहे. तिथे मेले तर सगळ्या चाळीला ओलांडून जावं लागेल.

अजितला हे सांगितलं तर तो पुन्हा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. मित्राला सांगितलं तर म्हणाली, "आजी, तू नको म्हणालीस तर मी कुणालाही हात लावू देणार नाही." मी तिच्याकडे बघितलं. खरं बोलत होती. आणि मी नको म्हणाले तर ही आयुष्यभर आणखी एका गोष्टीखाली दबणार, हेही दिसलं. जगायची इच्छा मला तेवढी नाही. पण हिला पांढरे केस आताच नकोत.

हो सांगितलं.

७ डिसेंबर

काल दादरला गेलो, चैत्यभूमीला. दर वर्षी शिवाजी पार्कात रात्रीपासून ओळीत असते, काल मित्रानं आणि अजितनं खुर्ची उचलून नेलं. लोकांनी वाट दिली. आत मी काय म्हणाले ते इथे नको. मोठ्यानं म्हणाले एवढं लिही. मला वाटलं तेवढं मोठ्यानं.

१० डिसेंबर

उद्या ऑपरेशन. हे शेवटचं माझ्या तोंडचं.

मित्रा, तुला एक विचारायचंय. तू माझं 'व्हतं' धुतेस, शिव्या मात्र तशाच ठेवतेस. उद्यापासून मी काय म्हणते ते तूच ठरवणार. मी म्हणेन पाणी, तू लिहिशील, आजी समाधानी आहे. मग मी काय करू? तेव्हा हे पक्कं करू. तू वाक्य मोठ्यानं म्हणायचं. मला पटलं तर मी डोळे मिटीन. नाही पटलं तर हात हलवीन. मी डोळे मिटल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. तुला दया आली म्हणून तर अजिबात नाही.

राग गेला का, असं तू विचारलं नाहीस. अर्धा गेला. उरलेला असू दे, तेवढ्यानं तू मला घाबरून राहशील.

बस. पाणी दे.

१९ डिसेंबर

आजी बोलत नाही. गळ्यावर पट्टी आहे, नाकात नळी. मी वाक्यं म्हटली. आज एवढी मंजूर झाली:

नळीतून दूध घालतात. त्याला चव नसते.

शेजारच्या खाटेवरची बाई घोरते.

अजितनं दाढी केलेली नाही.

"आजीला बरं वाटतंय" म्हटलं, तिनं हात हलवला. "आजीला दुखतंय" म्हटलं, त्यालाही हलवला. "आजी मित्रावर रागावलेली नाही" हे वाक्य मी म्हटलं नाही.

दुपारी डॉक्टर मॅडम येऊन गेल्या. त्या गेल्यावर आजीनं दाराकडे बोट केलं, मग छताच्या पंख्याकडे, मग माझ्या डोक्याकडे, आणि तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. आवाज काहीच नाही, पट्टीतून नुसती हवा. मी विचारलं, मॅडमच्या केसांबद्दल? हात. पंखा आवाज करतो म्हणून? हात. माझं डोकं फिरलंय? हात. बाबांना बोलावलं, त्यांनाही कळलं नाही. मी किती वाक्यं म्हटली. तिनं पुन्हा दार दाखवलं, पंखा दाखवला, माझं डोकं दाखवलं, आता हसू नव्हतं. मग हात पांघरुणावर ठेवून दिला.

"जाऊ दे, असं लिहू?"

तिनं हात हलवला.

"उद्या परत विचारू?"

तिनं डोळे मिटले. ते हो होतं की तिला झोप लागली, मला कळलं नाही.